मागच्या सीटवर बेल्ट : घरच्यांना तुम्ही कसं तयार करता?

घाटमाथा (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. पुढच्या सीटच्या बेल्टबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. चौकात ट्रॅफिकवाले मामा दिसले की हात आपोआप खांद्याकडे जातो, आणि नाही गेला तर गाडीच पीं पीं करून डोकं उठवते. माझा प्रश्न मागच्या सीटचा आहे. आपल्याकडे गाडीत मागे कोण बसतं? आई-वडील, सासू-सासरे, लेकरं, पाहुणे. ज्यांना आपण सगळ्यात जास्त जपतो तीच माणसं, आणि नेमकी तीच बेल्टशिवाय.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघं जबर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. त्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. गाडी भारीतली होती, एअरबॅग होत्या, तरीही. त्यानंतर काही दिवस सगळीकडे हीच चर्चा. मुंबई पोलिसांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. आणि आज? कुठल्याही रविवारी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत असताना शेजारच्या गाड्यांच्या मागच्या सीटवर नजर टाका.

माझं मत असं की कायदा आहे, गाडीत बेल्टही आहे, सगळं अडतं ते आपल्या भिडेपाशी. मामांना, आत्याबाईंना "बेल्ट लावा" म्हणायला जीभ रेटत नाही. वडीलधाऱ्यांना शिकवतोय असं वाटतं. तुम्ही काय करता? काय लागू पडतं, काय पडत नाही, मोकळेपणाने लिहा.

मृद्गंध:
चांगला विषय. आमच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "मला बांधून घातल्यासारखं होतं." दोनदा सांगून बघितलं, मग मी सांगणंच सोडलं आणि स्वतः मागे त्यांच्या शेजारी बसायला लागले. आधी माझा बेल्ट लावायचा, मग त्यांचा मीच हाताने लावून द्यायचा, गप्पा मारता मारता. पदर आधी नीट सारखा करून घेतला की काही अडचण नाही. त्यांची खरी तक्रार पदराचीच होती, हे नंतर कळलं.

टिवल्याबावल्या:
आमच्याकडे उलटं आहे. आजीच सगळ्यांना दम देते. "ज्याचा बेल्ट नाही त्याला घाट संपल्यावर वडापाव नाही." अजून कुणाची हिंमत झालेली नाही.

नाशिकचे_काका:
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. माझं वय सत्तरच्या पुढे. आमची हयात पद्मिनी आणि अँबॅसिडरमध्ये गेली, मागे पाच-पाच जणं बसायचो. हायवेवर पुढच्यांनी बेल्ट लावावा हे मान्य. पण गावातल्या गावात, तीस-चाळीसच्या वेगात, मागे बसणाऱ्याला कशाला? आणि गाडी पाण्यात गेली किंवा पेटली तर त्या पट्ट्यात अडकून राहायचं का? मला तर यात दंडवसुलीचाच भाग जास्त दिसतो.

बीडकर:
काका, गावातल्या गावात म्हणालात म्हणून सांगतो. ३ जून २०१४ ला गोपीनाथराव मुंडे दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघाले होते. घाट नव्हता, एक्स्प्रेस-वे नव्हता, शहरातला चौक होता. ते मागच्या सीटवर होते, दुसऱ्या गाडीने बाजूने धडक दिली. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की मागचा बेल्ट लावलेला असता तर मुंडे वाचले असते. आमच्या जिल्ह्याने तो दिवस बघितलाय. परळीला जमलेला तो लोकसागर मी विसरणार नाही. एवढं होऊनही आमच्याकडे पुढाऱ्यांच्या गाड्यांत मागे कुणी बेल्ट लावत नाही, याचं फार वाईट वाटतं.

डॉ_अनु:
मी भूलतज्ज्ञ आहे, महामार्गालगतच्या तालुक्याच्या गावी काम करते. काका, तुमच्या शंका घरोघरी ऐकू येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आग आणि पाणी. अशा अपघातांचं प्रमाण एकूणात फारच थोडं. आणि तसं झालंच, तर बाहेर पडायला माणूस शुद्धीवर हवा, हातपाय धड हवेत. बेल्ट नसलेला माणूस डोकं आपटून आधीच बेशुद्ध झालेला असतो. त्याला दार उघडायचंही सुचणार नाही.

आता मागच्या सीटचं. आमच्याकडे येणाऱ्या जखमा ठरलेल्या असतात. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतात, मांडीचं हाड मोडतं, खुबा निखळतो. तोंड पुढच्या सीटवर आपटून जबडा जातो. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे मागचा माणूस पुढच्यावर जाऊन पडतो. एका रात्री असंच एक कुटुंब आलं होतं. पुढे बसलेल्या बाईंनी बेल्ट लावलेला होता, पण मागून त्यांच्या दिराचं सगळं वजन त्यांच्या सीटवर आलं आणि मार त्यांच्या मणक्याला बसला. तेव्हा मागचा बेल्ट ही फक्त मागच्याची मर्जी नाही.

बेल्ट लावलेल्या माणसाचे कपडे कापले की खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका जांभळा वळ दिसतो. नातेवाईक तो बघून हबकतात. मला त्या वळाने धीर येतो, कारण धक्का छातीच्या पिंजऱ्याने आणि कमरेच्या हाडाने घेतला, डोक्याने नाही. पोट मात्र आम्ही नीट तपासतो. कमरेचा पट्टा पोटावर चढलेला असेल तर आतड्याला इजा होऊ शकते. म्हणून पट्टा नेहमी खाली, कमरेच्या हाडावर बसवायचा, आणि वरचा खांद्यावरून. काखेखालून मुळीच घेऊ नका.

टिवल्याबावल्या:
डॉक्टर, बाकी चेष्टा बाजूला ठेवतो. दिराचा किस्सा घरच्या ग्रुपवर टाकतोय.

फळा_आणि_खडू:
मी भौतिकशास्त्र शिकवतो. काकांच्या "तीस-चाळीसच्या वेगात" यावर थोडं गणित. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर थांबली तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. ताशी १०० ला ती ४० मीटरच्या आसपास जाते.

हेच मांडीवरच्या बाळाला लावून बघा. बाळ १० किलोचं, वेग ५०, आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी आईच्या हातांना सुमारे १४० किलो वजन पेलावं लागेल. ते कुणालाच पेलणार नाही. आई कितीही घट्ट धरून बसली तरी बाळ हातातून सुटणारच. वर्गात हे गणित सोडवून घेतो तेव्हा एकदम शांतता पसरते, आणि दुसऱ्या दिवशी पोरं घरी जाऊन काय बोलली ते सांगतात. पालकांना मी सांगून पटत नाही, पोरांनी सांगितलं की पटतं.

रानजाई:
+१. आमची लेक पाचवीत आहे. तिचं ऐकून तिच्या आजोबांनी तंबाखू सोडली नाही, पण बेल्ट लावायला लागले!

आठवा_मैल:
धाग्यावर आकडेही असू देत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात बेल्ट न लावलेली १६,७१५. त्यातले चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. म्हणजे जवळपास निम्मेनिम्मे. सगळी मोहीम चालकाभोवती फिरते आणि मरणाऱ्यांत निम्मे प्रवासी आहेत.

वकीलपत्र:
मुंबईत २०२२ मध्ये नवा कायदा आला असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यातला नियम १३८(३) सांगतो की ज्या गाडीत बेल्ट दिलेले आहेत, तिथे चालकाने, पुढच्या प्रवाशाने आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनी गाडी चालू असताना बेल्ट लावलेला असला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. बेल्ट नसेल तर १,००० रुपये दंड, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसेल तर तेवढाच दंड. थोडक्यात, मागच्या सीटचा नियम आधीपासून होता, अंमलबजावणी नव्हती. मिस्त्रींच्या अपघाताने नवीन काही आणलं नाही, जुन्याची आठवण करून दिली.

दुष्काळी_सांगोला:
सगळं वाचलं. तुमचं सगळं खरं आहे, पण एक विचारतो. आमच्याकडे तालुक्याला जायचं तर वडाप. जीप पुढून मागून भरलेली, दोघं दाराला लटकलेली, मागच्या आडव्या सीटवर म्हाताऱ्या बायका आणि त्यांच्या पायाशी पिशव्या. ड्रायव्हर अर्धा सीटवर, अर्धा बाहेर. तिथं बेल्ट कुठला? वकीलसाहेब म्हणतात "समोर तोंड असलेल्या सीटवर". आमच्या आयाबाया आडव्या सीटवर बसतात, म्हणजे त्या नियमातही नाहीत. दिवसाला एसटीच्या दोन फेऱ्या, त्यातली एक कधी येते कधी नाही. तुमच्या आत्याबाईंची भीड हा मोठा प्रश्न असेल, पण रोज जीव टांगून जाणाऱ्यांनी काय करायचं? ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाडं बसून जातात, लेकरांसकट. रस्ता सुरक्षेचं बोलायचं तर तिथून सुरुवात करा.

घाटमाथा:
दुष्काळी भाऊ, तुमचं म्हणणं अगदी मनाला लागलं. एसटीच्या फेऱ्या हाच त्यावरचा बेल्ट आहे, दुसरा नाही. त्यासाठी वेगळा धागा काढाच, मी पहिला प्रतिसाद देईन. पण म्हणून ज्यांच्या गाडीत बेल्ट आहे त्यांनी तो न लावणं बरोबर ठरत नाही. उलट आपल्याला जे मिळालंय ते तरी वापरावं.

दुष्काळी_सांगोला:
ते मान्य. काढतो धागा.

गॅरेजवाला_पक्या:
माझं गॅरेज आहे, म्हणून मला दिसतं ते सांगतो. निम्म्या गाड्यांत मागचा बेल्ट लावायची इच्छा असली तरी लावता येत नाही. नवी गाडी घेतली की आठ दिवसांत जाड सीटकव्हर चढवतात आणि मागची कुलपं, म्हणजे ज्यात बेल्टची जीभ अडकवतो ती, कव्हरखाली गडप होतात. कव्हरवाल्याकडून कुलपांच्या जागी चीर पाडून शिवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कुलपात चुरमुरे, बिस्किटाचा भुगा, एकदा तर रुपयाचं नाणं सापडलंय. आत काही असेल तर जीभ पूर्ण बसत नाही. "खट" असा आवाज आलाच पाहिजे.

आणि म्हाताऱ्या माणसांना बेल्ट "अडकलाय" असं वाटतं ते का? ते एकदम हिसका मारतात. हिसक्याने बेल्ट लॉक होणारच, तेच त्याचं काम. सोडून द्यायचा, आत जाऊ द्यायचा, मग सावकाश ओढायचा. हे एकदा हातात देऊन दाखवलं की निम्मी कुरकूर संपते.

अजून एक. पीं पीं बंद करायला कुलपात खोचायच्या त्या नुसत्या क्लिपा मिळतात ना, त्या कुणी आणल्या तर मी काढून ठेवतो आणि परत देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

वकीलपत्र:
पक्याभाऊ, योग्य करता. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या क्लिपा हटवायला लावल्या होत्या. तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या.

र्‍हाईनकाठी:
मी जर्मनीत राहतो. इथे पुढच्या सीटला बेल्ट १९७६ पासून सक्तीचा होता, पण दंड नव्हता. बरेच लोक लावत नसत, आणि "अडकून मरू" हाच युक्तिवाद करत, अगदी काकांसारखा. १९८४ मध्ये दंड सुरू झाला आणि लावणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं. तेव्हा दंड म्हणजे फक्त वसुली असं मला वाटत नाही. आज मोठ्या माणसाने बेल्ट लावला नाही तर ३० युरो, लहान मूल न बांधता नेलं तर ६० युरो आणि लायसन्सवर एक दंडाचा गुण चढतो. टॅक्सीतसुद्धा मागे बसून बेल्ट लावला नाही तर चालक वळून बघतो आणि थांबतो.

आई-बाबा इथे येतात तेव्हा मागे बसून बिनबोभाट बेल्ट लावतात. पुण्यात उतरले की विमानतळाबाहेरच्या टॅक्सीत तोच हात आपला मांडीवर. माणसं तीच, बेल्टही तोच. आजूबाजूला कुणी लावत नाही एवढाच फरक.

मुंबईची_चाकरमानी:
टॅक्सीचं नाव निघालं म्हणून. मी रोज रात्री उशिरा अ‍ॅपवरून गाडी बोलावते. मागे बेल्ट ओढला तर कुलूप नाही, किंवा सीटच्या फटीत खोल गेलेलं. मी बसण्याआधी विचारते, "दादा, मागचा बेल्ट चालू आहे का?" बरेच जण खाली उतरून सीट उचलून काढून देतात, कुरकूर न करता. एक जण म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी मागितलाच नाही." मागणी वाढली तर तेही नीट ठेवतील. सगळ्यांनी विचारायला लागा.

छकुलीची_आई:
मांडीवरच्या बाळाचं गणित वाचून पोटात गोळा आला. प्रसूतीनंतर दवाखान्यातून घरी येताना आम्ही लेकीला कारसीटमध्ये आणलं, तर चार बायकांनी नावं ठेवली. "एवढ्याशा जिवाला कशाला बांधता, आईची ऊब हवी." अजूनही बारशाला, लग्नाला जाताना हेच ऐकते. ती रडली की सगळे म्हणतात "काढ गं तिला". मी गाडी कडेला घ्यायला लावते, तिला उचलते, शांत करते, परत बसवते. उशीर होतो. होऊ दे.

डॉ_अनु:
छकुलीच्या आई, तुमचं फार कौतुक. तान्ह्या बाळाची सीट मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. चालू एअरबॅग समोर असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीच ठेवायची नाही, एअरबॅग उघडली तर तिचा फटका सरळ बाळाच्या सीटला बसतो.

गरोदर बायकांनीही बेल्ट लावायचा. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, आणि तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने.

सह्यकडा:
सनरूफचं कुणी बोललं नाही अजून. ताम्हिणीत पावसाळ्यात पोरं सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर काढून आई-बाप व्हिडिओ काढतात. चालत्या गाडीत. गोव्यातही मांडवी पुलावर हेच दृश्य. नुसता ब्रेक दाबला तरी पोराच्या बरगड्या काचेच्या कडेवर. गाडी विकणाऱ्यांनी जाहिरातीत ते दृश्य दाखवणं आधी बंद करावं.

रानजाई:
सह्यकडा, सहमत. आणि वऱ्हाडाच्या गाड्यांत डिक्कीत बसवलेली पोरंसुद्धा. "दहाच मिनिटांचा रस्ता आहे" म्हणत.

नाशिकचे_काका:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. डॉक्टरांनी लिहिलेलं, मागचा पुढच्यावर पडतो, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. माझी सून पुढे बसते. मी तिच्या मागे. यापुढे लावणार. दंडाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे, कॅमेरा लावून घरी चलान पाठवण्यापेक्षा नाक्यावर थांबवून समजावून सांगावं. आणि डॉक्टर, एक विचारायचं होतं. माझी बायपास झालेली आहे. छातीवर पट्टा चालेल का?

डॉ_अनु:
काका, चालेल, लावायलाच हवा. तुमच्या सर्जनना पुढच्या खेपेला एकदा विचारून घ्या. टाक्यांच्या जागी टोचत असेल तर पट्टा आणि छातीच्या मध्ये छोटी मऊ उशी धरा. पट्टा मागे टाकायचा नाही.

आठवा_मैल:
धागाकर्त्याचा मूळ प्रश्न बाजूला पडला म्हणून आठवण करतो : घरच्यांना कसं तयार करायचं. माझा अनुभव असा की गाडी सुरू करण्याआधी सांगायचं, चालू झाल्यावर नाही. रस्त्यात सांगितलं की टोकल्यासारखं वाटतं. निघण्याआधी "सगळ्यांचे बेल्ट?" एवढंच, आणि चावी हातात. विमानात हेच होतं, तिथे कुणाला अपमान वाटत नाही. नव्या गाड्यांत १ एप्रिल २०२५ पासून मागच्या सीटलाही पीं पीं सक्तीची झाली आहे, तिथे सांगायचीही गरज नाही. प्रश्न आहे तो आपल्या जुन्या गाड्यांचा.

घाटमाथा:
धन्यवाद सगळ्यांना. मृद्गंध यांची शेजारी बसून लावून द्यायची रीत आणि पक्याभाऊंचं "सावकाश ओढा" हे दोन्ही मला नवीन होतं. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला लग्न आहे, मागे आत्याबाई, मामा आणि आई असे तिघं. माझ्या गाडीत मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. तिथे कुणाला बसवू?

गॅरेजवाला_पक्या:
तिघांत जो सगळ्यात कमी वेळ बसणार असेल त्याला मध्ये बसवा. कमरेचा पट्टा अजिबात नसण्यापेक्षा बरा, पण ओढून घट्ट करा, सैल ठेवू नका, आणि पोटावर नको, खाली. कडेच्या दोन्ही पट्ट्यांना आज संध्याकाळीच पूर्ण बाहेर ओढून बघा. कुठे धागे निघालेत, कडा कुरतडल्यात असं दिसलं किंवा त्या गाडीचा आधी मोठा अपघात झालेला असेल तर पट्टा बदलून घ्या. लग्नाआधी वेळ आहे.